फावल्या वेळचें चित्रकाम : खोकें काढण्याचा सराव

मागील अंकांत मोकळ्या हातानें सरळ रेषा कशी ओढावी, याचा विचार केला. त्या रेषेवर हात बसला असल्यास आतां तिच्यांतून खोकें उभें करण्यास हरकत नाहीं. फुलें, पक्षी, देवादिकांच्या मूर्ति सोडून रिकाम्या खोक्यापाशीं कां थांबावें, असें घरांतील मुलें खचित विचारतील. त्यांना एवढेंच सांगावें कीं, कपाट, पलंग, पुस्तक, खोली, फार काय सबंध वाडा, हीं सर्व मुळांत खोकींच होत.

याहून महत्त्वाचें कारण निराळें आहे. ‘आमच्या मुलाला चित्रकलेचें अंगच नाहीं,’ असा निकाल पुष्कळ घरांत मूल आठ-दहा वर्षांचें होतें न होतें तोंच दिला जातो. ज्या चित्रावरून हा निकाल दिला, तें पाहावें. टेबलाची फळी माळ्यावरून पाहिल्यासारखी पुरी चौकोनी आणि पाय मात्र समोरून पाहिल्यासारखे! येथें हाताचा दोष नाहीं. टेबल चौकोनी आहे हें मुलाला ठाऊक असतें, आणि डोळ्यांस दिसतें तें न काढतां तें ठाऊक असलेलें काढतें. दिसणें आणि ठाऊक असणें यांतला भेद त्याला कोणी दाखविलेला नसतो, इतकेंच. तो दाखविण्यास खोक्यासारखें दुसरें साधन नाहीं.

प्रथम एक काडेपेटी घेऊन ती डोळ्यांच्या पातळींत धरावी. तिचें वरचें अंग दिसत नाहीं. खालीं नेतांच तें दिसूं लागतें. वर उचलली कीं तळ दिसतो. नंतर एखादें मोठें खोकें जमिनीवर तिरकें ठेवून त्याच्या दूर जाणाऱ्या कडा पाहाव्या. त्या एकमेकींकडे झुकत जातात. या दोन गोष्टींवरच यथार्थदर्शनाची इमारत उभी आहे.

आतां कागद आडवा ठेवून वरच्या भागांत एक आडवी रेषा ओढावी. ही आपल्या डोळ्यांची पातळी, म्हणजे क्षितिजरेषा. तिच्या दोन्ही टोकांस, कागदाच्या कडेजवळ, एकेक बिंदु द्यावा. दूर जाणाऱ्या रेषा तेथें लोप पावतात म्हणून त्यांस लोपबिंदु म्हणूं. दोहोंच्या मध्यें, क्षितिजरेषेच्या थोडी खालीं, एक लहान उभी रेषा काढावी. ही खोक्याची जवळची कड. तिच्या दोन्ही टोकांपासून दोन्ही लोपबिंदूंकडे पुसट रेषा न्याव्या आणि डावीकडे व उजवीकडे एकेक उभी रेषा काढून दोन्ही बाजू तोडाव्या. या नव्या उभ्या रेषांच्या वरच्या टोकांपासून विरुद्ध लोपबिंदूंकडे रेषा नेल्या, कीं त्या जेथें छेदतात तेथें झाकणाचा मागचा कोपरा सांपडतो.

खोक्याला १२ कडा असतात. तीन बाजू दिसत असतां त्यांपैकीं ९ कडा दिसतात आणि ३ झांकलेल्या राहतात. नवशिक्यानें त्या तीनही पुसट काढाव्या. खोकें आरपार जुळलें कीं नाहीं हें त्यांवरूनच कळतें.

नेहमीं होणाऱ्या चुका दोन. पहिली, मागच्या कडा जवळ येण्याऐवजीं फांकत जातात. दुसरी, लोपबिंदु फार जवळ घेतल्यानें खोकें ओढल्यासारखें, टोंकदार दिसतें. झाकणाच्या जवळच्या कोपऱ्यांतील कोन काटकोनाहून लहान झाला, तर हा दोष घडला असें समजावें. त्यावर उपाय म्हणजे दोन्ही लोपबिंदु व्यासाच्या टोकांस धरून एक वर्तुळ कल्पावें आणि खोकें त्याच्या आंतच बसवावें.

ही रीत पंधराव्या शतकांत इटलींतील फ्लॉरेन्स येथें प्रथम पद्धतशीर बनली. वास्तुकार ब्रुनेलेस्की यानें ती प्रयोगानें दाखविली, आणि अल्बर्टी यानें १४३५ सालीं चित्रकलेवरील आपल्या लॅटिन ग्रंथांत ती मांडली. आपल्याकडील जुन्या लघुचित्रांत चौरंगाच्या कडा बहुधा अशा जुळत जात नाहींत. परंतु तो अडाणीपणा नव्हे. एका जागीं खिळलेल्या एका डोळ्याचें दृश्य देणें हा त्या चित्रकारांचा हेतूच नव्हता. तेव्हां मुलाच्या चौकोनी टेबलास हंसण्याचें कारण नाहीं. त्याला दुसरी रीत शिकवावयाची आहे, एवढेंच.

रोज पांच खोकीं काढलीं तर महिन्यांत दीडशें होतात. पहिला आठवडा पट्टी घ्यावी, पुढें मोकळा हात. काढून झाल्यावर तांबड्या पेन्सिलीनें प्रत्येक कड लांबवून ती लोपबिंदूस मिळते कीं नाहीं तें पाहावें. ‘वाकडें झालें’ असें वडील माणसांनीं न म्हणतां ती तांबडी पेन्सिल मुलाच्याच हातीं द्यावी. आपली चूक आपणच शोधण्यांत त्याला गोडी वाटते.

कंटाळा येऊं लागला कीं खोक्याचें घर करावें. एका बाजूचे दोन्ही कर्ण काढले म्हणजे ते जेथें छेदतात तो त्या भिंतीचा खरा मध्य. तेथून सरळ वर रेषा नेऊन छपराचें टोंक घ्यावें, आणि पलीकडील भिंतीवरही तसेंच करून दोन्ही टोंकें जोडावीं. आढें बसलें, कौलारू घर उभें राहिलें!

पुढील अंकीं तांब्या व वाटी यांच्या गोल कांठांकडे वळूं. तोंवर दीडशें खोकीं पुरीं व्हावीं.