मनगटावरचा अंदाज

"आज आठ हजार झाली!" सकाळी फिरून आलेले आजोबा दारातूनच जाहीर करतात. मनगटावरच्या घड्याळात पावलांचा आकडा झळकत असतो. गंमत अशी, की तेच घड्याळ बांधून आजी पोळ्या लाटायला बसली, तर तिच्याही नावावर बसल्या जागी काही पावले जमा होऊ शकतात. आणि दोन्ही हातांत जड पिशव्या घेऊन मंडईतून चालत आलेल्या सुनेची कित्येक पावले हिशेबातून गळतात.

घड्याळाला पाय दिसत नाहीत. त्याच्या पोटात सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म हलता भाग असतो. हात हलला की तोही हलतो आणि त्या हेलकाव्यांची नोंद दर सेकंदाला अनेकदा होते. नोंदींच्या या ढिगातून चालण्याची लय हुडकण्याचे काम अल्गोरिदमचे. आपण ज्याला मोजमाप समजतो, तो वस्तुतः अंदाज असतो.

पावलांची चूक हसण्यावारी नेता येईल. रक्तातल्या प्राणवायूची कशी नेणार? २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत घरोघरी बोटाला ऑक्सिमीटरचा चिमटा असे. आकडा ९४ च्या खाली गेला की खाटेसाठी धावाधाव! हे यंत्र तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून पाठवते आणि कोणता किती शोषला गेला, त्या गुणोत्तरावरून टक्केवारी काढते. (घड्याळाला तर मनगटावरून परतून आलेल्या प्रकाशावरच भागवावे लागते.) पण कोणत्या गुणोत्तराला किती टक्के, हे निरोगी स्वयंसेवकांवर प्रयोग करून आधीच ठरलेले असते.

हे स्वयंसेवक कोण? अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या, म्हणजे एफडीएच्या, २०१३ च्या मार्गदर्शनानुसार दहा माणसे पुरत. त्यांत गडद त्वचेची किमान दोन किंवा १५ टक्के, जे अधिक असेल ते. मग डिसेंबर २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक पाहणी प्रसिद्ध झाली. यंत्र ९२ ते ९६ दाखवीत असताना धमनीतल्या रक्तात प्राणवायू प्रत्यक्षात ८८ टक्क्यांहून कमी निघाला, असे गोऱ्या रुग्णांच्या ३.६ टक्के तपासण्यांत आढळले, कृष्णवर्णीयांच्या ११.७ टक्के तपासण्यांत! जानेवारी २०२५ मध्ये एफडीएने नवा मसुदा काढला आणि दहाचे दीडशे केले.

आपल्याकडे तर एकाच घरात गोरा, गव्हाळ, सावळा असे सगळे रंग नांदतात आणि ऑक्सिमीटर सगळ्यांत मिळून एक. एफडीएच्याच सांगण्यानुसार यंत्र ९० दाखवीत असेल, तर खरा आकडा साधारणपणे ८६ ते ९४ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. म्हणून एका आकड्यावर विसंबण्याऐवजी तो घसरत चालला आहे काय, धाप लागते काय, हे पाहावे. ओठ-नखे निळसर पडण्याचे लक्षणही असतेच. पण तेही सावळ्या त्वचेवर चटकन नजरेला येत नाही.