मूल पोपट नव्हे

‘मुलं काय, ऐकतात तसं बोलतात!’ भाषाशिक्षणाची चर्चा बहुधा या वाक्यावर मिटते. वाक्यं घोकून घेणारे इंग्रजी संभाषणाचे वर्गही याच समजावर चालतात. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५७ साली ‘व्हर्बल बिहेवियर’ या ग्रंथात याहून शास्त्रशुद्ध मांडणी केली: भाषा हे शिकलेलं वर्तन, दाद मिळाली की ते पक्कं होतं.

यात तथ्य आहेच. शब्द आणि हेल मूल ऐकूनच उचलतं. वाद आहे तो व्याकरणाचा.

तीनेक वर्षांचं मूल ‘मी करलं’, ‘मुंगी मरली’ असं म्हणतं. घरात सगळे ‘केलं’, ‘मेली’ म्हणत असताना त्याने हे कुणाचं ऐकलं? ‘बसलं’, ‘पडली’ यांतून त्याने नियम काढला आणि मराठी जिथे स्वतःच नियम मोडते, तिथेही तो लावला.

भाषा-मानसशास्त्रज्ञ जीन बर्को यांनी १९५८ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना पक्ष्यासारख्या एका प्राण्याचं चित्र दाखवून त्याला ‘वग’ हे बनावट नाव दिलं. मग तसे दोन दाखवले. बहुतेक मुलांनी ‘वग्ज’ असं अनेकवचन केलं. कधीच न ऐकलेल्या रूपाची नक्कल कशी होणार?

‘मोठी माणसं चुका सुधारतात’ हा बचावही लंगडा आहे. रॉजर ब्राउन आणि कॅमिल हॅनलन यांच्या १९७० च्या अभ्यासात आईवडिलांची पसंती-नापसंती मुलाचं म्हणणं खरं की खोटं यावर ठरत होती, व्याकरणावर नव्हे.

पण म्हणून व्याकरण उपजतच असतं, हे भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्की यांचं मत स्वीकारलंच पाहिजे असं नाही. मूल तुलना करूनही शिकू शकतं. आपल्याकडे मीमांसा दर्शनाच्या पंडितांनी त्यासाठी वृद्धव्यवहाराचा, म्हणजे मोठ्यांच्या आपसांतल्या बोलण्या-वागण्याचा, दाखला दिला आहे. एक वडीलधारा ‘गाय आण’ म्हणतो, दुसरा आणतो; मग ‘गाय बांध’, ‘घोडा आण’. काय बदललं, काय तसंच राहिलं, हे शेजारचं मूल ताडून पाहतं आणि एकेका शब्दाचा अर्थ सोडवतं. ते तोंडही उघडत नाही, तरी शिकतं.

नियम शोधणारं डोकं अपवादही शोधतं. त्याला हवी असतात प्रत्यक्ष व्यवहारातली भरपूर, वेगवेगळी वाक्यं. तेव्हा एकच वाक्य घोकून घेणं सोडावं. आणि ‘मी करलं’ म्हणणाऱ्याला हटकू नये. ‘हो? काय केलंस, दाखव बघू,’ एवढं पुरे.