जिन्याच्या दारातली वीट

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीत आगीच्या वेळी बाहेर पडण्याची रंगीत तालीम झाली. अलार्म वाजला, लिफ्ट बंद झाल्या आणि अकराव्या मजल्यावरचं जिन्याचं दार आईला काही केल्या ढकलता येईना. तिचं सगळं आयुष्य काचीगुड्यातल्या बैठ्या घरात गेलेलं. "दार आहे की किल्ल्याचा दरवाजा?" म्हणाली. मी खांदा लावला तेव्हा उघडलं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्या दारात वीट लावून ठेवली. खरं सांगतो, मलाही ती सोयच वाटली.

तपासणीला आलेल्या तंत्रज्ञाने मात्र ती आधी उचलली. आमचा जिना बंदिस्त आहे, खिडकी नाही. अलार्म झाला की पंखा बाहेरची स्वच्छ हवा जिन्यात भरतो. आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे ५० पास्कलने जास्त राहिला की फटींतून हवा बाहेर जाते, धूर आत येत नाही. ५० पास्कल म्हणजे जेमतेम ५ मिलिमीटर पाण्याच्या उंचीचा दाब! पण २ चौरस मीटरच्या दारावर तो १०० न्यूटन होतो. बिजागरीमुळे मुठीपाशी त्याच्या निम्मा जोर पुरतो, अधिक डोअर क्लोजरचा. युरोपीय मानकात मुठीपाशी १०० न्यूटन, म्हणजे साधारण १० किलो, ही कमाल मर्यादा आहे.

सगळी दारं बंद असली की दाब वाढतो. जादा हवा सोडणारी झडप आमच्याकडे गंजून अडकली होती. म्हणून आईला दार उघडेना. आणि वीट लावली तर दाबच टिकत नाही, जिना धुराचं धुरांडं होतो.

२१ नोव्हेंबर १९८० रोजी लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलात आग खालच्या उपाहारगृहात लागली होती. ८५ माणसं गेली. त्यातली बहुतेक वरच्या मजल्यांवर, जिने आणि लिफ्टच्या पोकळ्यांतून चढलेल्या धुराने.

आम्ही कोडमध्ये चूक सापडली नाही की तात्पुरतं ठिगळ लावतो. ही वीट तसलंच ठिगळ होती.

झडप दुरुस्त झाली. पंखा चालू ठेवून मुठीला ताणकाटा लावला, जोर मर्यादेत आला. मग आईला बोलावलं. तिने एका हाताने दार उघडलं. दुसऱ्या हातात भाजीची पिशवी होती.

तुमच्या जिन्याच्या दारात काय ठेवलंय, आज एकदा बघून या.