नऊ एकांचा वर्ग

नऊ एक ओळीने मांडून होणाऱ्या संख्येला तिनेच गुणले असता १२३४५६७८९८७६५४३२१ हा जो गुणाकार हाती येतो, त्याची नोंद विद्वानांच्या दप्तरी बहुधा करमणुकीच्या सदराखाली होते, आणि ही वर्गवारी मला मान्य नाही. सतरा अंकांची ही संख्या भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील स्थाननामांच्या मालिकेत 'मध्य' या स्थानापासून सुरू होते, म्हणजे परार्ध अवघ्या एका पायरीवर राहतो. तिचे मूळ अवयव पाहू जाता ३, ३७ आणि ३३३६६७ एवढे तीनच निघतात. अंकांची बेरीज ८१ भरते. आणि विभाजक ४५, जी एक ते नऊ या अंकांचीही बेरीज आहे. यांपैकी शेवटची बाब केवळ योगायोगाची, आणि योगायोगाला सिद्धान्ताचे आसन देण्याचा मोह गणितात फार महाग पडतो.

देवळालीच्या शाळेत शिक्षकी केलेल्या द. रा. कापरेकरांनी डोंबिवली स्थानकाच्या तत्कालीन नावावरून ज्यांना 'डेम्लो' म्हटले, त्या संख्यांच्या कुळातलीच ही एक. अशा संशोधनाविषयी पंडितांना वाटणाऱ्या उपेक्षेचा दाखला केंब्रिजच्या हार्डींच्या १९४० सालच्या पुस्तकात सापडतो: ८७१२ आणि ९८०१ या दोनच चार अंकी संख्या आपल्या उलट्या रूपाच्या पटीत असतात, हे सत्य कोड्यांच्या सदराला शोभेल, गणितज्ञाला त्यात काही नाही, असा त्यांचा अभिप्राय. त्या दोन संख्यांपुरता तो मला कबूल आहे. परंतु आपल्या संख्येचे सौंदर्य दशमान पद्धतीच्या मर्जीवर सर्वस्वी अवलंबून नाही. कागदावर गुणाकार मांडून पाहावा: एकांच्या नऊ ओळी एकेक घर डावीकडे सरकत जातात, उभ्या रकान्यांत प्रथम एक, मग दोन, मग तीन एक जमतात, मधल्या रकान्यात नऊ भरतात, आणि तेथून उतार लागतो. कोठेही हातचा येत नाही, सबब प्रत्येक रकान्याचा हिशेब अंकाच्या रूपाने उघडा राहतो. बैजिक राशींचा वर्ग करताना सहगुणक जसे चढतात आणि उतरतात, तोच हा क्रम. द्वादशमान पद्धतीत हाच डौल अकरा एकांपर्यंत अभंग टिकेल. दशमानाने दिली ती फक्त नऊची मर्यादा.

हे कारण पाठ्यपुस्तकातील बीजगणिताच्या पहिल्या धड्यात सामावू शकते, आणि ते तेथे असावे, असा माझा आग्रह आहे. शिक्षकांनी नऊ एकांचे उत्तर फळ्यावर लिहून टाळ्या घेण्यापेक्षा मुलांना दहा एकांचा वर्ग हाताने करावयास सांगावा. तेथे मधल्या रकान्यात दहा भरतात, हातचा प्रथमच उद्भवतो, आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे येते. आठ कोठे गेला, हे मुलांनाच शोधू द्यावे.