खेळ एकाचा, खोली दोघांची



कर्ली नदीकाठच्या वालावल गावात रात्री सगळीकडे सामसूम होते. अशा वेळी मुलगा संगणकावर खेळत असतो आणि त्याच खोलीत बहीण दहावीचा अभ्यास करते. पंख्यांची घरघर सोसावी लागते ती तिला. म्हणून संगणकाचे सुटे भाग घेताना तिचाही विचार व्हावा.

खेळाची ताकद मुख्यतः ग्राफिक्स कार्डात असते. पैसा आधी तिथे घालावा. प्रोसेसर मध्यम प्रतीचा चालतो. आवाजाचे मूळ मात्र उष्णतेत आहे. यंत्र तापले की पंखा जोरात फिरतो. तेवढीच हवा ढकलायला लहान पंख्याला जास्त वेगाने फिरावे लागते. म्हणून 120 किंवा 140 मिलिमीटरचे पंखे आणि समोर जाळी असलेली पेटी घ्यावी. पॉवर सप्लाय गरजेपेक्षा थोडा मोठा, ‘80 प्लस गोल्ड’ खुणेचा असावा; त्यात कमी वीज उष्णतेत वाया जाते. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घ्यावी. तिच्यात हलणारा भागच नसतो.

एक उपाय फुकटचा आहे. पडदा सेकंदाला 60 चित्रे दाखवणारा असेल, तर खेळाच्या सेटिंगमध्ये तेवढीच मर्यादा घालावी. कार्ड कमी तापते, पंखा मंद होतो.

आपल्याकडची हवा दमट. पेटी भिंतीला चिकटवू नये, धूळ वरचेवर काढावी, अर्थिंग तपासून घ्यावे. रंगीत दिव्यांचे पैसे वाचवून यूपीएस घ्यावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून भाग मागवलेत, तर पक्की पावती जपून ठेवा. वॉरंटीला तीच उपयोगी पडते.