संगणकाचे ‘नाही’ तपासून घ्या

एका संगणकाच्या पोटात दुसरा ‘आभासी’ संगणक चालवता येतो, हे तुम्ही ऐकले असेल. शाळेच्या प्रयोगशाळेला ही सोय मोलाची आहे. आतल्या संगणकावर वाटेल ते प्रयोग करावेत. तो बिघडला तर पुसून नवा मांडावा. परंतु ‘आपला संगणक जुना, त्याला हे झेपणार नाही’ असा निकाल पुष्कळदा न तपासताच दिला जातो आणि नव्या खरेदीची मागणी होते. हे मला मुळीच पटत नाही.

मूळ अडचण काय होती? आतल्या संगणकाने अधिकाराबाहेरची आज्ञा दिली, की प्रोसेसरने थांबून बाहेरच्या नियंत्रकाला वर्दी द्यावी, अशी अट पोपेक आणि गोल्डबर्ग या शास्त्रज्ञांनी १९७४ साली मांडली. इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरांत ती पाळली जात नसे. ‘पॉपएफ’ ही आज्ञा अधिकाराविना दिली, तर तिच्यातला नेमका महत्त्वाचा भाग प्रोसेसर गुपचूप गाळी. ना काम, ना तक्रार! इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरातच वेगळी सोय केली, तेव्हा हा प्रश्न सुटला.

मात्र नावावर जाऊ नका. ‘कोअर २ ड्युओ’ या एकाच नावाने विकल्या गेलेल्या प्रोसेसरांपैकी ई६३०० मध्ये ही सोय आहे, ई४३०० मध्ये नाही. तेव्हा खुद्द प्रोसेसरलाच विचारावे. लिनक्समध्ये ‘सीपीयूइन्फो’ ही फाइल उघडा. इंटेलच्या प्रोसेसरसाठी ‘व्हीएमएक्स’ आणि एएमडीसाठी ‘एसव्हीएम’ ही खूण शोधा. विंडोजमध्ये टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ पानावर ‘व्हर्च्युअलायझेशन’ची ओळ असते. मोबाइलमध्ये असतात त्या एआरएम जातीच्या प्रोसेसरांत या दोन्ही खुणा शोधून उपयोग नाही. लिनक्स असेल तर तेथे ‘केव्हीएम’ नावाचे साधन तयार झाले आहे का, एवढे पाहावे.

आता खरी मेख. उत्तर ‘नाही’ आले, तरी ते कोणते ‘नाही’? प्रोसेसरात सोयच नसेल, तर इलाज नाही. पण कित्येकदा सोय असते आणि बायोसमध्ये तिला कुलूप असते. लिनक्सच्या काही आवृत्त्यांत कुलूप असूनही खूण दिसते, काहींत ती नाहीशी होते! अशा वेळी शिक्षकांनी बायोसच्या पानावर ‘व्हीटी-एक्स’ किंवा ‘एसव्हीएम मोड’ चालू करावा. दोन मिनिटांचे काम आहे. विंडोजची ‘हायपर-व्ही’ यंत्रणा आधीच चालू असेल, तर ‘सिस्टिमइन्फो’ ही आज्ञा ही माहिती दाखवीतच नाही. तेथे सोय नाही असे नव्हे, ती वापरात आहे.

शिक्षकांना माझी सूचना अशी, की खरेदीचा अर्ज लिहिण्यापूर्वी एक तासिका यासाठी द्यावी. प्रत्येक संगणकापुढे मुलांनीच प्रोसेसरचे नाव, खूण आणि बायोसमधील स्थिती वहीत टिपावी, आणि ती वही अर्जाला जोडावी.