जीपीयू किती ते कळलं, पण जोडले कसे?

आपल्याकडे एआयची बातमी म्हणजे एक आकडा ठरलेला. मार्च २०२४ मध्ये इंडिया-एआय मिशन मंजूर झालं तेव्हाही १० हजारांहून जास्त जीपीयू हीच हेडलाइन होती. ते एकमेकांना जोडणार कसे, हे फारसं कुणी विचारलं नाही. मोठं मॉडेल ट्रेन करताना घोडं नेमकं तिथेच अडतं.

साधा हिशोब करू. गूगलच्या टीपीयू व्ही४ या मशीनमध्ये ४,०९६ चिप एकत्र काम करतात. प्रत्येक चिप थेट प्रत्येकीला जोडायची म्हटली तर सुमारे ८४ लाख जोडण्या लागतील. म्हणून प्रत्येकीला सहाच शेजारी दिले, डावी-उजवीकडे, पुढे-मागे, वर-खाली. जोडण्या उतरल्या १२,२८८ वर.

मग कडेच्या चिपचं काय? जुन्या नोकियातला साप आठवा. भिंत नसेल तर तो उजवीकडून बाहेर जाऊन डावीकडून आत यायचा. तसंच इथे रांगेतली शेवटची चिप पहिलीला जोडतात. या रचनेला टोरस म्हणतात. यात कोपराच उरत नाही, कुठल्याही चिपवरून जाळं सारखंच दिसतं. १६×१६×१६ च्या मांडणीत सगळ्यात लांबचा प्रवास ४५ टप्प्यांवरून २४ वर येतो. ट्रेनिंगमध्ये चिप एकमेकींसाठी थांबतात, त्यामुळे एक कोपरा तुंबला तरी बाकीच्या महागड्या चिप रिकाम्या बसतात.

आणि मधलाच भाग बंद पडला तर? गूगलने ६४-६४ चिपचे ठोकळे करून ते बारीक आरशांच्या ऑप्टिकल स्विचने जोडलेत. ठोकळा बिघडला की आरसे वळतात, प्रकाश दुसऱ्या ठोकळ्याकडे जातो. मला तरी खरी कमाल हीच वाटते.

एनव्हिडियाचा रस्ता वेगळा. एका रॅकमध्ये ७२ जीपीयू आणि मध्ये स्विच, म्हणजे सगळे एकमेकांपासून सारख्याच अंतरावर. प्रत्येकाला प्रत्येकाशी बोलायचं असेल तर हे उत्तम, पण रॅकबाहेर वेग बराच कमी होतो. गूगलने २०२५ च्या आयर्नवुडमध्ये टोरसच ठेवून ९,२१६ चिप जोडल्या.

इंडिया-एआयचे जीपीयू मात्र वेगवेगळ्या कंपन्यांच्या डेटा सेंटरमध्ये विखुरलेले आहेत. एकूण आकडा कितीही वाढला तरी ते एक मशीन होत नाही. पुण्याचं सी-डॅक 'त्रिनेत्र' हे स्वदेशी नेटवर्क बनवतंय, त्याची बातमी खरं तर जीपीयूच्या बातमीएवढीच मोठी असायला हवी.